राखणारं कुत्रं आणि वळणारं कुत्रं

गेले दोन महिने आमच्या नात्यागोत्यात एकाच विषयावर चर्चा चालू आहे: पुण्याच्या भाचीने कॉर्गी घ्यावं की न घ्यावं. फोनवर तेच, लग्नात भेटलं तरी तेच. ज्यांना कॉर्गी म्हणजे काय ते माहीत नाही त्यांचीही मतं तयार आहेत (त्यांची तर जास्तच ठाम!). मलाही प्रत्येकजण वेगवेगळं विचारतो आणि मी प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात उत्तर देतो. म्हणून म्हटलं, एकदाच सगळं नीट लिहून टाकावं.

मी या चर्चेत ओढला गेलो त्याचं कारण भाचीचा हिशेब. ती आणि जावई दोघेही नोकरी करतात. वर्षातून दोनदा तरी महिना-महिना बाहेर जावं लागतं. तेव्हा कुत्र्याचं काय, यावर तिचं उत्तर तयार होतं, "मामा, तुमच्याकडे केवढं मोठं अंगण आहे! गुरं आहेत, रान आहे. ते मुळात गुरांचंच कुत्रं आहे. पुण्यापेक्षा नाक्यावरच जास्त खूष राहील."

वरवर पाहता बिनतोड. गुरांचं कुत्रं, गुरांच्या घरी. पण मला वाटतं नेमकं याच वाक्यात सगळा घोटाळा आहे.

आधी या कुत्र्याविषयी. कॉर्गी मूळचं वेल्सचं, म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेल्या त्या डोंगराळ मुलखातलं. वेल्श भाषेत 'कोर' म्हणजे बुटका आणि 'की' म्हणजे कुत्रा, त्यावरून कॉर्गी. दोन जाती आहेत, पेम्ब्रोक आणि कार्डिगन. १९३४ साली तिथल्या केनेल क्लबने त्या वेगळ्या धरल्या. आपल्याकडे हल्ली मोबाईलवर नाचताना दिसतं ते बहुतेक पेम्ब्रोक. उंची खांद्यापाशी दहा ते बारा इंच, वजन मात्र दहा ते तेरा किलो. म्हणजे दिसायला पाटाएवढं, उचलायला अर्ध्या पोत्याच्या तयारीने वाकावं लागतं.

हे बुटकेपण शोभेसाठी आलेलं नाही. वेल्सचे शेतकरी या कुत्र्यांकडून गुरं हाकायचं काम करून घेत. कुत्रं गुरांच्या मागे राहायचं आणि जे जनावर रेंगाळेल त्याच्या टाचेला हलकासा चावा घ्यायचं. गाय लाथ झाडणारच. पण कुत्रं इतकं बुटकं की लाथ डोक्यावरून जायची. शेकडो वर्षं अशीच कुत्री निवडून निवडून ही जात तयार झाली. म्हणजे बुटके पाय, मोठा आवाज, हलत्या टाचेवरची नजर आणि स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यायची सवय, हे सगळं एकाच कामासाठी जमवलेलं सामान आहे. काम काढून घेतलं तरी सामान तसंच राहतं.

इंग्लंडच्या राणीमुळे या कुत्र्याला राजघराण्याची झूल चढली. तिच्या वडिलांनी १९३३ साली पहिलं कॉर्गी घरात आणलं आणि १९४४ साली अठराव्या वाढदिवसाला तिला सुसान नावाची कॉर्गी मिळाली. पुढे तिच्याकडे पिढ्यान् पिढ्या याच वंशातली कुत्री होती. भाचीचा हा हुकमाचा एक्का: "राणीने आयुष्यभर पाळली, मग वाईट कशी असतील?" वाईट असं कोण म्हणतंय? पण १९९१ साली भांडणारी आपलीच कुत्री सोडवायला गेलेल्या या राणीच्या हाताला चावा बसून टाके पडले होते, हेही त्याच इतिहासात आहे. आणि तिच्याकडे कुत्र्यांमागे फिरायला नोकरचाकर होते. आमच्याकडे वहिनी आहे, आणि तिला आधीच पुष्कळ कामं आहेत.

आता आपल्याकडचं पाहा. गुरं आणि मेंढरं सांभाळण्यासाठी मराठीत दोन क्रियापदं आहेत. राखणं आणि वळणं. राखणं म्हणजे चोराचिलटापासून, लांडग्यापासून सांभाळणं. वळणं म्हणजे भरकटलेल्या जनावराला हव्या त्या दिशेला फिरवणं. आपल्याकडे वळण्याचं काम माणूस करतो. आवाज देऊन, काठी आडवी धरून, खडा मारून. सुगी झाली, रानं मोकळी झाली की आमच्याकडे धनगरांचे कळप येतात, शेतात मेंढरं बसवली जातात, लेंडीखताच्या बदल्यात त्यांना धान्य नाहीतर पैसे मिळतात. त्यांची कुत्री कधी निरखून पाहिलीत? दिवसा कळपाच्या कडेने गुमान चालतात, नाहीतर झाडाखाली पडून असतात. मेंढीच्या टाचेला तोंड लावणार नाहीत. त्यांची खरी हजेरी रात्री. लांडगा असो की माणूस, तळाच्या जवळ परकं कोणी आलं की मग त्यांचा आवाज ऐकावा.

म्हणजे आपलं कुत्रं राखणारं आणि वेल्सचं कुत्रं वळणारं. दोघांनाही आपण 'मेंढपाळाचं कुत्रं' म्हणून एकाच दावणीला बांधतो. राखणाऱ्या कुत्र्याचं काम म्हणजे बहुतेक वेळ काहीच न करणं आणि वेळ आली की उठणं. घरात ते सहज सामावतं, कारण घरातही बहुतेक वेळ काहीच घडत नसतं. वळणाऱ्या कुत्र्याचं तसं नाही. त्याला जे जे हलतं ते आपल्या ताब्यात हवं असतं. गुरं नसतील तर मुलं, मुलं नसतील तर सायकली, काहीच नसेल तर स्वतःची शेपटी.

कुत्र्याबद्दल आपल्या लोकांना माया नाही असं मात्र कुणी म्हणू नये. धनगरांचा जावई असलेल्या खंडोबाबरोबर कुत्रं असतंच. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे म्हणून मानले जाणारे नामदेव महाराज, कुत्र्याने भाकरी पळवली तर कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा इथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. माया आहेच. प्रश्न मायेचा नाही, जुळण्याचा आहे.

तर आमच्या घराला हे कुत्रं जुळेल का? मी चार गोष्टींवर पारखून पाहिलं.

पहिली गोष्ट, पाय. आमच्या घरात सगळ्यात जपायचे पाय आईचे आहेत. वय ७९. मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत येते-जाते. सावकाश, थांबत थांबत. वळणाऱ्या कुत्र्याच्या नजरेने पाहा बरं: एक जनावर कळपापासून मागे पडलंय आणि रेंगाळतंय! त्याने टाचेला तोंड लावलं नाही तरी पायात घुटमळणं पुरेसं आहे. या वयात दुसऱ्यांदा पडणं म्हणजे काय, हे घराघरात माहीत आहे. दुसरे पाय पुतण्याच्या तीन वर्षांच्या मुलीचे. ती चालत नाहीच, पळतेच, आणि पळताना किंचाळते. गुरं हाकणाऱ्या कुत्र्याला याहून मोठं आमंत्रण नाही. कुत्र्याच्या मनात राग नसतो, मान्य. पण कातडी फाटली की राग होता की नव्हता हे कोणी विचारत नाही. पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुवा, दवाखाना गाठा, रेबीजच्या सगळ्या सुया पूर्ण करा. यात सूट नाही, कुत्रं घरचं असलं तरी डॉक्टरला दाखवायचंच.

दुसरी गोष्ट, रस्ता. जे इथे कधी आले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या गावाच्या नावातच नाका आहे. इकडे मराठवाडा, तिकडे विदर्भ. जुन्या काळी इकडे निजामाचं राज्य आणि तिकडे वऱ्हाड. हिंगोली-वाशीम रस्ता म्हणजे अकोला-नांदेडचा राष्ट्रीय महामार्ग, त्यामुळे ट्रक, एसटी, उसाच्या नाहीतर सोयाबीनच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मोटारसायकली, चोवीस तास काही ना काही पळत असतं. वळणाऱ्या जातींची एक खोड जगभर सारखी आहे. पळणाऱ्या चाकामागे धावायचं. वेल्सच्या कुरणात ती खोड गुण होती. नाक्यावर ती किती दिवस टिकेल? आणि तिच्याबरोबर कुत्रं किती दिवस टिकेल? गल्लीतली कुत्री इथेच जन्मली, इथेच वाढली. ट्रकचा हॉर्न कोणत्या बाजूने आला हे त्यांना कळतं. आमचं अंगण मोठं आहे हे खरं, पण कुंपण बाभळीच्या काट्यांचं आहे आणि फाटक दिवसातून चाळीस वेळा उघडतं.

आणि हो, बैल. भाची म्हणते गुरं आहेतच. पण आमच्या बैलांना कुत्र्याने टाचेला चावलेलं माहीत नाही. त्यांना कासरा माहीत आहे आणि भावाचा आवाज. गाडी जुंपलेली असताना मागून कोणी टाच धरली तर बैल उधळणार, आणि उधळलेल्या जोडीपुढे माणूस काय, कोणीच काही करू शकत नाही.

तिसरी गोष्ट, ऊन. पेम्ब्रोकशायरमधला उन्हाळा म्हणजे पारा विशीच्या आसपास. आमच्याकडे मे महिन्यात तो बेचाळीसच्या पुढे जातो. कॉर्गीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला मऊ लोकरीसारखा आणि वरचा राठ. "मग उन्हाळ्यात भादरून टाकू," असं भाऊ म्हणाला (तो मेंढरांच्या हिशेबाने बोलत होता). पण दोन थरांची कुत्री भादरू नयेत असंच जाणकार सांगतात, कारण तोच थर ऊन थेट कातडीला लागू देत नाही, आणि भादरलेले केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असं नाही. म्हणजे थंडावा करायचा तो खोलीत करायचा. आमच्याकडे कूलर आहे, वीज असेल तेव्हा. फिरवायचं ते सकाळी सातच्या आत आणि दिवस मावळल्यावर. बाकी वेळ घरात, आणि घरात असलं म्हणजे पुन्हा आईच्या पायात. शिवाय ते केस वर्षभर गळतात. अंगणात मार्च-एप्रिलमध्ये शिजवलेली हळद वाळत पडलेली असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

चौथी गोष्ट, माणूस. ही सगळ्यात महत्त्वाची. घरात कुत्र्याच्या बाजूने आणि विरुद्ध बरीच वादावादी झाल्यावर आईने एकच विचारलं, "आन् दिवसभर करंल काय त्ये?" आम्हाला वाटलं होतं ती विटाळ, केस, खर्च यावर बोलेल. (किंमत ऐकून मात्र म्हणाली की एवढ्यात दुभती म्हैस येईल.) पण तिने विचारलेला प्रश्नच खरा आहे. वळणाऱ्या कुत्र्याला रोज काम लागतं. निदान तासभर चालणं-पळणं, आणि त्याहून जास्त म्हणजे डोक्याला काम: शिकवणं, शोधायला लावणं, हाक ऐकून परत येणं. हे रोज, पावसात, लग्नसराईत, पेरणीच्या दिवसांतही. ते कोण करणार याचं नाव सांगता येत नसेल तर कुत्रं स्वतःचं काम स्वतः शोधतं. मग आपण म्हणतो कुत्रं बिघडलं. ते बिघडत नाही. ते बेकार असतं.

यावर जावयांनी तोडगा काढला: कॉर्गी नको तर शेल्टी घेऊ, म्हणजे शेटलंड शीपडॉग. छोटं कोलीच जणू, तेरा ते सोळा इंच. स्वभाव मऊ, चावरं कमी. खरं आहे. पण ज्या बेटांवरून ते आलं तिथे भर उन्हाळ्यात पारा पंधराच्या आसपास असतो, केस कॉर्गीपेक्षा लांब आणि भुंकण्याचा उत्साह तितकाच. शिवाय एक गोष्ट कोली-शेल्टी घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. या जातींतल्या काही कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, ज्यामुळे आयव्हरमेक्टिनसारखं औषध मोठ्या मात्रेत मेंदूपर्यंत पोचून जिवावर बेतू शकतं. आणि खरूज, गोचीड म्हटलं की आपल्याकडे गुराढोरांना आणि कुत्र्यांना सर्रास दिलं जातं ते औषध हेच. त्यामुळे डॉक्टरला जात आधी सांगायची, सुई नंतर.

कॉर्गीचं दुखणं वेगळं. लांब पाठ, आखूड पाय, त्यामुळे मणक्यांच्या चकत्यांचा त्रास. पलंगावरून उड्या, जिन्याची चढउतार जपावी लागते, वजन वाढू द्यायचं नाही. आमच्या घराचे उंबरठे त्याच्या पोटाएवढे उंच आहेत! आमच्याकडचा पशुवैद्यकीय दवाखाना गाईम्हशींसाठी उत्तम. लस, जंताचं औषध, जखम, सगळं होतं. पण पाठीच्या कण्याचं दुखणं निघालं तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा त्याहून लांब जावं लागेल.

भाचीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. हे कुत्रं हुशार आहे, माणसांत रमतं, पटकन शिकतं, बारा-तेरा वर्षं साथ देतं. ज्या घरात कोणीतरी दिवसभर असतं, ज्याला स्वतःलाच सकाळ-संध्याकाळ फिरायची हौस आहे, मुलं नऊ-दहा वर्षांच्या पुढची आहेत, म्हातारं माणूस पायाने धड आहे आणि उन्हाळ्यात थंड खोली आहे, त्या घराला कॉर्गी छान जुळेल. पुण्यात अशी घरं असतीलही. माझं म्हणणं एवढंच की 'लहान' हा शब्द फसवतो. उंची लहान आहे, कुत्रं लहान नाही. त्याचं काम, आवाज, जिद्द आणि वेळेची मागणी सगळं मोठ्या कुत्र्याचं आहे.

आणि फॅशनचं भय वाटतं. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि घरोघर पांढरा झुपकेदार टफी हवा झाला. २००३ साली हचच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि सगळ्यांना पग हवा झाला. आता रील्सवर कॉर्गीचा डुलता पार्श्वभाग. पडद्यावर तीस सेकंद दिसणारं कुत्रं घरात बारा वर्षं असतं, हा फरक पडद्यावर दिसत नाही. मागणी वाढली की कुठल्यातरी खुराड्यात मादीवर मादी वितवली जाते. २०१६ साली सरकारने विक्रीच्या पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणायला बंदी घातली, २०१७ साली पैदास करणाऱ्यांसाठी नियम केले: नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. घेणाऱ्याने निदान नोंदणीचा कागद मागावा आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. दाखवत नसतील तर माघारी फिरावं.

तर माझं मत, एकदाचं. आमच्या नाक्याच्या घराला कॉर्गी जुळत नाही. दोन महिन्यांसाठी नाही, दोन आठवड्यांसाठीही नाही. आणि म्हणून भाचीने पुण्याचा निर्णय नाक्याला वजा करून घ्यावा. कुत्र्याचं घर म्हणजे सुट्टीत ते जिथे ठेवता येतं ते घर नव्हे. साध्या मंगळवारी दुपारी दोन वाजता ते जिथे असतं ते त्याचं घर. त्या वेळी तिच्या फ्लॅटमध्ये कोण असतं? कोणीच नसेल, तर उत्तर तिथेच आहे. कोणी असेल, तर आधी ज्यांच्याकडे कॉर्गी आहे अशा कुणाकडे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ जाऊन ते कुत्रं स्वतः फिरवून आणावं. सातव्या दिवशीही हौस टिकली तर मी स्वतः पुण्याला येऊन पिल्लाची आई बघायला सोबत येईन.

कुत्र्याची सोबतच हवी असेल, तर पुण्यात आधार देण्याजोगी मोठी झालेली गावठी कुत्री कितीतरी मिळतात. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो, पिल्लात तो अंदाजावर असतो. लस द्यायची, नसबंदी करायची, आणि पहिले काही आठवडे धीर धरायचा. अशा कुत्र्याला मात्र सुट्टीत नाक्यावर आणायला माझी हरकत नाही. ओसरीवर आईजवळ पडून राहील, फाटक वाजलं की मान वर करील. राखणारं कुत्रं आमच्याकडे जुळतं, एवढं अनुभवाने सांगतो.

भाची हे वाचणार आहे आणि रुसणारही आहे, ते मी गृहीत धरलंय. पण वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी खरोखर कॉर्गी किंवा शेल्टी आहे त्यांनी तिला जरूर लिहावं. फोटो नकोत, ते तिच्याकडे शेकड्याने आहेत. तुमचा मंगळवार कसा जातो तेवढं सांगा.